जिल्हा परिषद शाळांचं नेटवर्क सुधारताना: खान्देशातल्या शाळांसाठी आराखडा कसा करावा

जळगाव, धुळे, नंदुरबारमधल्या कुठल्याही केंद्रात, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, चार शाळा फिरा, एखाद्या शाळेत कपाटावर धूळ खात पडलेला राउटर सापडेलच. डबा चांगला असतो. फक्त वीजबिल थकल्यामुळे कनेक्शन तोडलेलं असतं, नाहीतर रिचार्ज कोणी मारायचा ते ठरलेलं नसतं, नाहीतर ज्या गुरुजींना पासवर्ड माहीत होता त्यांची बदली झालेली असते. पोरं पाहुण्यांना सांगून मोकळी होतात, "गुरुजी, नेट बंद शे."

म्हणून पन्नास-शंभर शाळांचा आराखडा करायला बसाल तेव्हा वेग, कंपनी आणि मॉडेल शेवटी ठेवा. आधी वीज, मग दरमहाचा खर्च, मग जबाबदार माणूस, आणि या तिघांचा मेळ बसला की तारा. गटशिक्षणाधिकारी कार्यालयात बसून हे काम करणारे, केंद्रप्रमुख, तंत्रस्नेही शिक्षक आणि हौसेने जबाबदारी अंगावर घेणारे शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय.

आधी शाळा कोणाच्या ते लिहून काढा

एकाच गावात जिल्हा परिषदेची शाळा, आदिवासी विकास विभागाची आश्रमशाळा आणि एखाद्या संस्थेची खासगी अनुदानित शाळा असू शकते. तळोदा, नंदुरबार, यावल या प्रकल्प कार्यालयांच्या हद्दीत तर हे नेहमीचं. पैसा वेगळ्या लेखाशीर्षातून येतो, सही करणारा अधिकारी वेगळा असतो. नगरपालिकेच्या आणि महापालिकेच्या शाळाही जिल्हा परिषदेच्या हिशेबात येत नाहीत. यादी पहिल्या दिवशी स्वच्छ केली नाही, तर प्रस्ताव वर गेल्यावर एका शाळेच्या हद्दीवरून सगळी फाइल परत येते.

पाहणी: कागदावरचं 'आहे' आणि जागेवरचं 'आहे'

सुरुवात यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी नोंदणीतल्या माहितीपासून करा. वीज, संगणक, इंटरनेट, खोल्या, पट हे सगळं तिथे भरलेलं असतं. पण तिथल्या 'इंटरनेट आहे' या नोंदीचा अर्थ कधी कधी 'मुख्याध्यापकांच्या मोबाईलचा हॉटस्पॉट आहे' इतकाच असतो. त्यामुळे प्रत्येक शाळेत कोणीतरी प्रत्यक्ष गेलं पाहिजे. सोबत मल्टिमीटर, मोजपट्टी, दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं असलेला फोन आणि छापील तक्ता एवढं पुरे.

विजेपाशी सगळ्यात जास्त वेळ घालवा. शाळा गावठाण फीडरवर आहे की शेती फीडरवर, हा पहिला प्रश्न. गावातली शाळा बहुधा गावठाण फीडरवर असते. वस्तीवरची, मळ्यातली शाळा मात्र अनेकदा शेतीपंपांच्या लाइनवर असते, आणि तिथे वीज पंपांच्या वेळापत्रकाप्रमाणे येते, कधी दिवसा, कधी रात्री. अशा शाळेत शंभर एमबीपीएसची लाइन आणून ठेवली तरी वर्ग भरलेला असताना राउटर बंदच राहणार. दुसरा प्रश्न व्होल्टेजचा. सॉकेटवर मल्टिमीटर लावून सकाळी एकदा आणि पंप सुरू असताना एकदा, असं दोनदा मोजा. २३० च्या आसपास असायला हवं. ते १८० च्या खाली जात असेल तर तसं लिहून ठेवा, कारण तिथे साधा यूपीएस सारखा बॅटरीवर जाईल आणि वर्षभरात बॅटरी मरेल. तिसरी गोष्ट अर्थिंगची. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अर्थिंग नावालाच आहे. बऱ्याच शाळांत अर्थची पिन असते, मागे वायरच नसते. मीटर कोणाच्या नावावर आहे आणि शेवटचं बिल कधी भरलं हेही विचारा. थकबाकी असेल तर तो आकडा तक्त्यातच यायला हवा. आराखड्यातली पहिली रक्कम तीच ठरू शकते.

मग इमारत. खोल्या किती, छत स्लॅबचं की पत्र्याचं, इमारती एकमेकींपासून किती लांब, दार-खिडक्यांना कड्या आहेत का, उंदीर आहेत का. उंदरांचं हसू नका. धान्याच्या पोत्यांशेजारून, म्हणजे पोषण आहाराच्या खोलीतून नेलेली उघडी केबल टिकत नाही.

शेवटी जोडणी. ग्रामपंचायतीत जाऊन भारतनेटचा डबा बघा. हा प्रकल्प २०११ साली राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्क या नावाने मंजूर झाला, पुढे त्याचं नाव भारतनेट झालं, आणि ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेणं हा त्याचा गाभा. डब्यावर 'लॉस' लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबर कुठेतरी तुटलंय. सगळेच दिवे विझलेले असतील तर कोणीतरी प्लग काढून तिथे पंखा लावलाय. हिरवे दिवे स्थिर असतील तर ग्रामसेवकांकडून शाळेपर्यंतचं अंतर विचारून घ्या, किंवा स्वतः पावलं मोजा. त्याच गावात खासगी केबलवाल्याचं फायबर आलंय का तेही पाहा. मोबाईलचा वेग दोन्ही सिमांवर सकाळी, दुपारी आणि शाळा सुटताना मोजा, आणि डाउनलोडच्या बरोबरीने अपलोडही लिहा. ऑनलाइन माहिती भरताना शाळेचं घोडं अपलोडपाशीच अडतं.

शाळांचे तीन गट

पाहणी झाली की सगळ्यांना एकच संच वाटायचा मोह टाळा. मी असे तीन गट करतो.

पहिला गट फायबरच्या टप्प्यातल्या शाळांचा. तापीकाठची मोठी गावं, अमळनेर-चोपडा-शिरपूर-शहादा पट्टा, तालुक्याची ठिकाणं यातल्या बहुतेक शाळा इथे येतील.

दुसरा गट फायबर नाही पण मोबाईल सिग्नल बरा आहे किंवा फायबर असलेली इमारत थेट नजरेच्या टप्प्यात आहे अशा शाळांचा. इथे ४जी राउटर बाहेरच्या अँटेनासह चालतो. नाहीतर ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या छतावर ५ गिगाहर्ट्झचा एकेक रेडिओ बसवून दुवा जोडता येतो. मधे चिंचेचं झाड किंवा पाण्याची टाकी येता कामा नये. उन्हाळ्यात पानगळ झालेली असताना पाहणी केली असेल तर पावसाळ्यात झाड कसं दिसेल याचाही अंदाज घ्या.

तिसरा गट अक्राणी, अक्कलकुव्यातल्या पाड्यांवरच्या आणि नर्मदाकाठच्या शाळांचा. तिथे रोजच्या इंटरनेटचं आश्वासन देऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्या शाळांना इंटरनेटशिवाय चालणारं नेटवर्क द्या: एक छोटा संगणक सर्व्हर म्हणून, वायफाय पसरवणारा एक डबा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट, सौर पॅनेल आणि बॅटरी. कोलिब्री आणि किविक्स ही दोन मोफत सॉफ्टवेअरं याचसाठी आहेत. धडे, व्हिडिओ आणि मराठी विकिपीडिया सर्व्हरवर उतरवून ठेवले की टॅबलेट त्यालाच जोडले जातात. दीक्षा ॲपमधलं साहित्यही आधी डाउनलोड करून ऑफलाइन वापरता येतं. केंद्रप्रमुखांच्या बैठकीला आलेले गुरुजी महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर नवं साहित्य घेऊन जातील. हा मार्ग कमीपणाचा नाही. पहिल्या गटातल्या शाळांनीसुद्धा असा सर्व्हर ठेवला तर त्यांची निम्मी गरज भागते.

किती वेग लागतो

समजा १८० पटाची शाळा आहे, एक स्मार्ट बोर्ड, वीस टॅबलेट, कार्यालयात एक संगणक. बोर्डावर चांगल्या दर्जाचा व्हिडिओ चालला तर सुमारे ५ एमबीपीएस. वीसपैकी दहा टॅबलेटवर एकाच वेळी साधा व्हिडिओ, प्रत्येकी दीड, म्हणजे १५. कार्यालयाला २-३. बेरीज २३ च्या आसपास. वाढीला जागा ठेवून ५० एमबीपीएसची लाइन भरपूर झाली. व्हिडिओ शाळेतल्या सर्व्हरवर असतील तर २० सुद्धा पुरेल. शंभर-दोनशेच्या प्लॅनचा आग्रह विक्रेता धरतो. त्या पैशात एक चांगला यूपीएस येतो.

सीसीटीव्हीचा हिशेब यात धरू नका. २०२४ मधल्या बदलापूरच्या घटनेनंतर शाळांत कॅमेऱ्यांची सक्ती आली आणि अनेक ठिकाणी ते घाईघाईने त्याच वायफायवर चढवले गेले. एक कॅमेरा सतत २ ते ४ एमबीपीएस खातो. चित्रण शाळेतल्याच रेकॉर्डरवर साठवा, कॅमेऱ्यांना स्वतंत्र केबल द्या, आणि बाहेरून पाहायची सोय गरजेपुरतीच ठेवा.

दरमहाचा खर्च: आराखडा इथेच बुडतो

यंत्रांना एकदाच पैसा लागतो आणि तो जिल्हा नियोजन समिती, समग्र शिक्षा, वित्त आयोग, आमदार निधी, एखाद्या कारखान्याचा सामाजिक निधी अशा कुठून तरी मिळतो. फीत कापायला पाहुणेही येतात. रिचार्जला मात्र कोणी वाली नसतो.

उदाहरण म्हणून ७०० रुपयांचा मासिक प्लॅन धरा. १८ टक्के जीएसटी धरून ८२६ रुपये. वर्षाचे ९,९१२. समग्र शिक्षाच्या निकषांत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं वर्षाला १०,००० रुपये, त्यातही किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. म्हणजे पंचवीस पोरांच्या शाळेचं उरलेलं सगळं अनुदान इंटरनेटला दिलं तरी पुरत नाही, खडू-फळा-दुरुस्ती राहिलीच. ३१ ते १०० पटाला २५,००० आणि १०१ ते २५० पटाला ५०,००० मिळतात, तिथे थोडा श्वास घेता येतो.

यातून दोन गोष्टी निघतात. लहान शाळांचं बिल शाळेवर टाकू नका, ते तालुका किंवा जिल्हा पातळीवरून एकत्र भरायची तरतूद करा. आणि ज्या लहान शाळेपासून ग्रामपंचायत हाकेच्या अंतरावर आहे तिथे ग्रामपंचायतीचीच जोडणी शाळेपर्यंत ओढा, ग्रामसभेच्या ठरावासह. ठराव तोंडी ठेवला तर सरपंच बदलला की वायर निघते.

शंभर शाळांचं एकत्र बिल याच दराने वर्षाला ९ लाख ९१ हजार, पाच वर्षांचं साडेएकोणपन्नास लाखांच्या आसपास. प्रस्तावात हा पाच वर्षांचा आकडाच लिहा. शिवाय बॅटरी तीन-चार वर्षांत बदलावी लागते, तोही खर्च आत घ्या. मोठा आकडा बघून साहेब दचकतील. आज दचकले तर शाळांची संख्या कमी करता येते, दोन वर्षांनी दचकले तर लाइन तोडावी लागते.

वीज, बॅटरी आणि ऊन

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. फायबरचा डबा आणि राउटर मिळून २० वॅट, लहान पीओई स्विच (नेटवर्कच्या तारेतूनच यंत्रांना वीज देणारा) १०, तीन ॲक्सेस पॉइंट ३६, एकूण ६६, म्हणजे ७० धरा. १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १,२०० वॅट-तास असतात. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, इन्व्हर्टरची तूट वजा जाता हातात सुमारे ५०० उरतात. ७० ने भागलं की सात तास. शाळेचा दिवस निघाला. मात्र त्याच इन्व्हर्टरवर दीड-दोनशे वॅटचा स्मार्ट बोर्ड आणि कार्यालयातला पंखा चढवला की हा हिशेब दोन तासांवर येतो. त्यामुळे नेटवर्कचं सॉकेट वेगळं काढा आणि वर लाल अक्षरांत 'फक्त नेटवर्क' लिहा. व्होल्टेज खाली जाणाऱ्या शाळांसाठी १४० ते २९० व्होल्ट झेलणारा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस मागा.

आपल्याकडचं ऊन हा वेगळाच विषय आहे. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि पत्र्याखालची बंद खोली त्याहून तापते. साध्या स्विचवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कमाल तापमान ४० अंश. शाळा उन्हाळी सुटीत बंद असते म्हणून यंत्रं वाचतात, पण मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटल्यावर कोणी बटण बंद करत नाही आणि दुपारभर ती तापत राहतात. रॅक पत्र्याच्या खोलीत लावूच नका. स्लॅबची खोली निवडा, पश्चिमेची भिंत टाळा, छाती-डोक्याच्या उंचीवर लावा, जाळीचं दार घ्या. सुटीत प्लग काढायचा, ही ओळ सुटीच्या सूचनापत्रात घाला.

तारा आणि वायफाय

तांब्याच्या केबलची मर्यादा शंभर मीटर. भिंत चढणं-उतरणं, वळसे, दोन्ही टोकांच्या छोट्या तारा सगळं त्यात आलं. म्हणून नकाशावर ९० च्या वर गेलात की थांबा. कॅट-६ घ्या, आणि निविदेत 'शुद्ध तांबे' लिहाच. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल सर्रास मिळते. चाकूने वायर खरवडून बघा, आत पांढरी चकाकी दिसली तर अख्खं बंडल परत.

दोन इमारतींमध्ये तांबं नकोच, अंतर वीस मीटर असलं तरी. वळवाच्या पावसात वीज पडली की दोन इमारतींच्या अर्थमधला फरक त्या केबलमधून वाट काढतो आणि दोन्हीकडचे स्विच जातात. काचेच्या फायबरमधून वीज जात नाही. दोन टोकांना फायबर तांब्याच्या केबलला जोडणारे दोन मीडिया कन्व्हर्टर लागतात, खर्च थोडा वाढतो, पण एकदाच. बाहेरच्या भिंतीवरची केबल काळी, उन्हात टिकणारी आणि पाइपातून न्या.

घरगुती राउटर एका खोलीत ठेवून सात वर्गांना वायफाय पुरवायचा प्रयत्न करू नका. जुन्या शाळांच्या दगडी भिंती सिग्नल गिळतात. पीओईवर चालणारे ॲक्सेस पॉइंट घ्या, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सॉकेट लागत नाही. दोन वर्गांमागे एक, आणि जिथे सगळे टॅबलेट एकत्र वापरले जातात त्या खोलीत एक स्वतंत्र. २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्यांना १, ६, ११ असे वेगळे चॅनेल द्या, टॅबलेट शक्यतो ५ गिगाहर्ट्झवर ठेवा.

एकाच तारेवर तीन वेगळी जाळी करता येतात, त्याला व्हीलॅन म्हणतात: कार्यालय, विद्यार्थी, कॅमेरे. विद्यार्थ्यांच्या टॅबलेटमधला व्हायरस मुख्याध्यापकांच्या पगारबिलांपर्यंत जाऊ नये म्हणून ही भिंत. विद्यार्थ्यांच्या जाळ्यावर अश्लील आणि घातक साइट अडवणारा मोफत डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) टाका, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ चालतो. मुलांची माहिती गोळा करणारी ॲप बसवताना २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लक्षात ठेवा. त्यात अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे.

जुने संगणक असतील तर विंडोज १० ला सुरक्षा अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबलं आहे. चांगल्या स्थितीतल्या यंत्रांवर विंडोजऐवजी उबंटू ही मोफत प्रणाली टाका, मुलांना काही अडत नाही.

आधी एक केंद्र, मग तालुका

एक केंद्र निवडा, ज्यात तिन्ही गटांच्या शाळा असतील. चोपडा, यावल, शिरपूर, शहादा इथल्या सातपुड्याच्या पायथ्याशी अशी केंद्रं सहज सापडतात. तिथे सगळं बसवा आणि प्रस्तावाआधी काही आठवडे चालवा. कोणत्या शाळेत किती दिवस नेट बंद होतं आणि का, एवढंच लिहून ठेवा. त्या यादीवरून पुढच्या खरेदीची यादी दुरुस्त होते.

वेळापत्रक आर्थिक वर्षाला बांधलेलं आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाहणी, दिवाळीच्या सुटीत प्रायोगिक केंद्राची जोडणी, डिसेंबरपर्यंत प्रस्ताव, जानेवारी-फेब्रुवारीत खरेदी, एप्रिल-मे मध्ये बसवणं. उन्हाळ्यात मजूर सकाळी सात ते अकराच काम करतील हे धरूनच दिवस मोजा. मार्चअखेर घाईने आलेला माल जूनपर्यंत खोक्यात पडतो आणि हमी मात्र बिलाच्या तारखेपासून सुरू होते. निविदेत लिहा: हमी बसवून चालू केल्याच्या तारखेपासून, तीन ते पाच वर्षं.

निविदेतल्या आणखी काही ओळी मी कधीच सोडत नाही. कंपनीचं नाव न लिहिता गुणधर्म लिहायचे. दहा टक्के सुटी यंत्रं जास्त घ्यायची आणि तालुक्याला ठेवायची. बिघाडाची दखल किती दिवसांत, यंत्र बदलून किती दिवसांत, आणि उशीर झाला तर दंड किती. शेवटचा हप्ता तेव्हाच, जेव्हा सगळे ॲडमिन पासवर्ड, तारांचा नकाशा आणि यंत्रांच्या सेटिंगची प्रत हातात येईल. एका पुरवठादाराने पासवर्ड स्वतःकडेच ठेवल्यामुळे वायफायचं नाव बदलायलाही त्याची वाट पाहावी लागते, असे किस्से कमी नाहीत. खरेदी जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून होणार असली तरी या अटी घालता येतात.

बदली झाली तरी चालू राहील अशी सोय

प्रत्येक केंद्रात एक तंत्रस्नेही शिक्षक आणि एक राखीव नाव ठरवा, लेखी आदेशासह. प्रवास आणि वेळ यांची सोय केली नाही तर ही जबाबदारी दिवाळीपर्यंत टिकते. त्यांच्याकडे एक स्विच, एक ॲक्सेस पॉइंट, क्रिंपर, केबल टेस्टर आणि दोन ॲडॉप्टर असलेली पिशवी द्या. सर्वांत जास्त ॲडॉप्टरच जळतात.

शाळेतल्या प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना नंबराची पट्टी लावा. रॅकच्या दाराच्या आत एक कागद: लाइनचा ग्राहक क्रमांक, तक्रारीचा फोन, कोणता दिवा कसा असायला हवा. पासवर्डचा कागद मात्र तिथे नको. तो सीलबंद पाकिटात, आणि ते पाकीट मुख्याध्यापकांच्या चार्ज यादीत नोंदवलेलं. मे महिन्यात बदल्या होतात तेव्हा चार्ज देताना जशा किल्ल्या आणि रजिस्टरं मोजली जातात, तसंच पाकीटही मोजलं जाईल. नव्या मुख्याध्यापकांनी ते उघडून पासवर्ड बदलायचे आणि नवं पाकीट सील करायचं.

यंत्रं डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, अनुक्रमांकासह चढवा. जुना राउटर आणि बंद संगणक निर्लेखनाची, म्हणजे निकामी ठरवून रजिस्टरमधून कमी करण्याची, कारवाई झाल्याशिवाय भंगारात देऊ नका. निर्लेखनानंतरही ते अधिकृत ई-कचरा घेणाऱ्यालाच द्यायचे आहेत. निर्लेखनाची यादी वर पाठवण्याआधी तिच्यातून चालू ॲडॉप्टर आणि चांगल्या केबली बाजूला काढून केंद्राच्या पिशवीत टाका, तशी नोंद रजिस्टरला करून.